करारातील तिसरा माणूस

रायगड जिल्ह्यात अलिबागहून मुरूडकडे जाताना काशीद लागते. एका अंगाला पांढऱ्या वाळूचा विस्तीर्ण किनारा, दुसऱ्या अंगाला फणसाडचे अभयारण्य. सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याची मंडळी येथे विसाव्याला येतात आणि त्यांच्यासोबत धंद्यापाण्याच्या गोष्टीही येतात. यात नवे काही नाही. दूरदेशीच्या माणसांशी बोलणी करून व्यवहार ठरवणे ही या किनाऱ्याची फार जुनी रीत आहे.

काशीदच्या उत्तरेस, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे चौल आहे. इ. स. ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी हा अरब प्रवासी तेथे आला होता. ओमान, बसरा, बगदाद येथील व्यापारी चौलास स्थायिक झाले होते आणि त्यांचे आपसांतील तंटे सोडविण्यासाठी येथील राजाने त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमला होता, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. आपला न्याय कोण करणार याची शाश्वती नसेल तर परका व्यापारी बंदरात टिकत नाही, हे त्या राजाने ओळखले होते.

आज तीच गरज मोठ्या प्रमाणावर भागवली जाते. वकिलांची आंतरराष्ट्रीय संघटना १९२७ साली बेल्जियममध्ये स्थापन झाली, दुसरी १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये. त्यांच्या परिषदा दरवर्षी निरनिराळ्या शहरांत भरतात आणि देशोदेशींचे वकील व उद्योगपती तेथे एकत्र येतात. एका देशात झालेला लवादाचा निवाडा दुसऱ्या देशात मान्य व्हावा, असा करार १९५८ साली न्यूयॉर्क येथे झाला. भारताने तो १९६० साली स्वीकारला. २०१६ साली मुंबईतही आंतरराष्ट्रीय लवादाचे केंद्र उभे राहिले. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक मुले-मुली आता कायदा आणि व्यवस्थापन शिकून याच क्षेत्रात शिरत आहेत. तेव्हा हा विषय आपल्या घरापासून दूरचा राहिलेला नाही.

अशा परिषदा म्हणजे धनवंतांच्या मेजवान्या, असे म्हणून त्यांना निकालात काढणारे पुष्कळ आहेत. आम्हास ते पटत नाही. ज्याच्यासोबत आपण जेवलो, ज्याच्या मुलाबाळांची चौकशी केली, त्याला नोटीस धाडण्यापूर्वी माणूस एकदा फोन करून पाहतो. ओळखीने संशय कमी होतो, दिलेला शब्द पाळला जातो. राष्ट्राराष्ट्रांत तेढ माजत असताना हे थोडे नव्हे.

परंतु येथेच एक नैतिक प्रश्न उभा राहतो. करार दोघांत होतो; त्याचा भार मात्र अनेकदा तिसऱ्यावर पडतो. तो तिसरा परिषदेला नसतो आणि त्याची कोणाशी ओळखही नसते. त्याचे काय?

चौलपासून जवळच असलेले कोर्लई आपल्या वाचकांना परिचित आहे. १७४० साली मराठे व पोर्तुगीज यांच्यात तह होऊन हा मुलूख मराठ्यांकडे आला. सत्ताधीश निघून गेले. गरीब ख्रिस्ती रयत मागे राहिली. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली त्यांची बोली कोर्लईत आजही ऐकू येते. तह करताना त्या रयतेचे मत कोणी विचारले नव्हते.

तो काळ राजेरजवाड्यांचा होता असे म्हणावे, तर दाभोळचे उदाहरण आपल्याच पिढीचे आहे. राज्य वीज मंडळ आणि एन्रॉनची दाभोळ कंपनी यांच्यात डिसेंबर १९९३ मध्ये करार झाला. ऑगस्ट १९९५ मध्ये राज्य सरकारने प्रकल्प रद्द केला, तेव्हा कंपनीने लंडनमध्ये लवादाकडे दाद मागितली. १९९६ साली नव्या अटी ठरल्या, १९९९ साली वीजनिर्मिती सुरू झाली आणि २००१ साली दरांच्या वादात ती बंद पडली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. या अवधीत दोन्ही बाजूंना नामांकित वकिलांची वाण नव्हती. पण गुहागर तालुक्यातील ज्या कोळ्यांना व बागायतदारांना आपल्या पाण्याची आणि जमिनीची चिंता होती, त्यांना त्या मेजावर जागा नव्हती. ती त्यांना रस्त्यावर शोधावी लागली आणि तेथे त्यांच्या वाट्याला लाठ्या व अटका आल्या.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. वकील हा आपल्या अशिलाशी बांधलेला असतो. त्याने तिसऱ्याचीही बाजू घेतली तर तो विश्वासघात नव्हे काय? दोन धन्यांची सेवा कोण करील? आमचे उत्तर असे की, तिसऱ्याची वकिली करणे वेगळे आणि तो तिसरा अस्तित्वातच नाही असे अशिलाला भासवणे वेगळे. ज्याला विचारले गेले नाही तो आज ना उद्या दारी येणारच, हे धन्याला वेळीच सांगणे यातच खरी निष्ठा आहे. दाभोळने हेच शिकवले. सालामांका विद्यापीठातील डॉमिनिकन धर्मगुरू फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी १५३९ साली, आपलाच सम्राट गादीवर असताना, अमेरिकेतील मूळ रहिवासी हे आपल्या भूमीचे खरे मालक आहेत असे व्याख्यानांतून प्रतिपादले. परदेशी प्रवासाचा व व्यापाराचा हक्क त्यांनी मान्य केला. पण तेथील लोकांना अपाय होता कामा नये, ही अट घातली.

ती अट हळूहळू कायद्यातही उतरत आहे. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांत, महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन द्यावी की नाही, यावर शेतकऱ्यांचा कौल मतपेटीतून घेण्यात आला. प्रकल्प तेथे उभा राहिला नाही. खाजगी कंपनीसाठी शासनाने जमीन संपादन करायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, असे २०१३ च्या कायद्याने ठरवले. २०१६ साली त्या आंतरराष्ट्रीय वकील संघटनेनेही उद्योग व मानवी हक्क यांविषयी आपल्या सभासदांसाठी मार्गदर्शिका काढली. परिषदांतून असेही काही निपजते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. माझा शेजारी कोण, हा प्रश्न विचारणारा एक शास्त्री होता, म्हणजे कायद्याचाच जाणकार. दाखल्याच्या शेवटी व्यवहारही आहे. शोमरोनी पथिकाश्रमाच्या मालकाला दोन नाणी देतो आणि अधिक खर्च आला तर परतताना फेडीन, असा शब्द देतो. दोघांत झालेला हा करार आहे. पण तो ज्याच्यासाठी झाला तो तिसरा जखमी होऊन पडला आहे, त्याला बोलताही येत नाही.

आपल्यापैकी फार थोडे जण देशोदेशींच्या परिषदांना जातील. पण वडिलोपार्जित जमिनीचा सौदा अनेकांच्या घरी होतो. बिल्डर येतो, वकील येतो, भाऊ एकत्र बसतात, चहा होतो. सासरी गेलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद फक्त सहीसाठी जातो. वर्षानुवर्षे ती वाडी शिंपणाऱ्या गड्याला तर विक्रीची वार्ता बाजारात कळते. तेव्हा सौदा ठरण्याआधी बहिणीला बैठकीला बोलवावे, गड्याला त्याची अडचण विचारावी आणि त्यांचे म्हणणे ऐकूनच किमतीचा आकडा लिहावा.