परराज्यी बिऱ्हाड

लोटाने यार्देनेचे भरपूर पाण्याचे खोरे नजरेने पारखिले. शेजार मात्र पारखिला नाही. आज कित्येक तरुण जोडपी लेकरे घेऊन बेंगळुरूच्या व्हाइटफील्ड उपनगरात बिऱ्हाड हलवितात. १८८२ साली अँग्लो-इंडियन लोकांकरिता वसविलेल्या त्या खेड्यापर्यंत २०२३ साली मेट्रोही आली. तथापि २०२४ च्या उन्हाळ्यात तेथे टँकराच्या पाण्यासाठी लोक खोळंबले. बाबेलास नेलेल्यांस यिर्मयाने पत्र धाडिले की, घरे बांधा, बागा लावा, व त्या नगराच्या कुशलासाठी प्रार्थना करा. ते तर बळाने नेलेले होते. तुम्ही आपखुशीने जाता! म्हणून घरभाडे व शाळा ठरवितांना शेजाऱ्याची कानडी शिकण्याचेही ठरवा, आणि पहिल्या सायंकाळी, गाठोडी सोडण्यापूर्वी, त्या नगरासाठी गुडघे टेका.