कामाचा भार आणि प्रभूचा विसावा

शिष्यांस जेवावयासही सवड मिळेना, तेव्हा प्रभूने त्यांस एकांती येऊन विसावा घ्यावयास सांगितले (मार्क ६:३१). यास्तव विसावा हा आळस नव्हे, आज्ञापालन होय.

१८५४ साली रेव्हरंड प्राइससाहेबांनी नाशकाजवळ वसविलेल्या ख्रिस्ती गावात सुतारकाम, लोहारकाम शिकवीत असत; परंतु त्याचे शरणपूर हे नाव कामावरून नव्हे, आश्रयावरून पडले.

म्हणून द्राक्षांची छाटणी असो वा कारखान्यातील पाळी, आरंभी क्षणभर प्रार्थना करा. भाकर काम बाजूस ठेवून, आभार मानून खा. सायंकाळी उरलेले काम प्रभूच्या हवाली करून घरी जा, म्हणजे दिवसाचा संताप लेकरांवर निघणार नाही. मंडळीची चिंता वाहणाऱ्या उपदेशक बंधूंनो, तुम्हीही निश्चिंत निजा. मंडळीचा धनी जागा आहे.