दिल्लीचे बोर्ड, दुबईची शाळा

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे संयुक्त अरब अमिरातीने देशभरातल्या शाळा बंद केल्या. ८ मार्चपासून चार आठवडे, त्यातले पहिले दोन सुट्टीचे आणि पुढचे दोन घरबसल्या शिकण्याचे, असा पहिला आदेश होता. महिना संपता संपता तो शैक्षणिक वर्षाच्या अखेरीपर्यंत वाढला. ब्रिटिश किंवा अमेरिकी अभ्यासक्रमाच्या शाळांना निदान मुले ओळखीची होती, त्यांचे वर्ष सप्टेंबरपासून चालूच होते. दिल्लीच्या सीबीएसई बोर्डाच्या शाळांचे वर्ष मात्र इथेही एप्रिलमध्येच सुरू होते. त्यामुळे बोर्डाची परीक्षा अर्धवट राहिलेली असतानाच शिक्षकांना नव्या वर्गाशी पहिली ओळख पडद्यावर करून घ्यावी लागली.

भारतीय शाळा इथे उपऱ्या नाहीत. दुबईचे ‘द इंडियन हायस्कूल’ १९६१ चे, म्हणजे अमिरातीच्या संघराज्याहून दहा वर्षांनी मोठे. पण या शाळांना मालक दोन. परीक्षा आणि गुण दिल्लीच्या हाती. फी, तपासणी, शाळा उघडणे-मिटणे दुबईत केएचडीए या शिक्षण प्राधिकरणाच्या, अबूधाबीत अडेक या शिक्षण विभागाच्या हाती. एरवी हे दुहेरी राज्य निमूट चालते. महासाथीत मात्र मुख्याध्यापकांना रोज दोन्हीकडची परिपत्रके ताडून पाहावी लागली.

तंत्राचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलण्यावर बंदी असलेल्या या देशाने झूम आणि टीम्सना परवानगी दिली, घरी इंटरनेट नसलेल्या कुटुंबांना मोफत मोबाइल डेटा दिला. दोन खोल्यांच्या घरात दोन भावंडांचे तास आणि वडिलांच्या ऑफिसची मीटिंग एकाच वेळी कुठे बसवायची, हे कोडे अर्थातच कुठल्या सरकारला सुटण्यासारखे नव्हते.

खरी कसोटी गुणांची लागली. शाळा बंद झाल्यावरही बोर्डाचे पेपर काही दिवस चालू होते. १८ मार्चला सीबीएसईने उरलेले पेपर पुढे ढकलले आणि १ एप्रिलला जाहीर केले, की भारताबाहेरच्या शाळांत आता एकही पेपर होणार नाही. कारण व्यवहारी होते: सुमारे २५ देश, प्रत्येकाची टाळेबंदी वेगळी, आणि उत्तरपत्रिका तपासायला भारतात आणायच्या कशा? भारतातल्या बारावीच्या मुलांना असा निर्णय जूनअखेरीपर्यंत मिळाला नाही. गंमत म्हणजे केरळ राज्य मंडळाने आपली दहावीची उरलेली परीक्षा मेअखेर अमिरातीतल्या केंद्रांवरही घेऊन दाखवली. अशक्य काय आणि अवघड काय, याचा निवाडा ज्याच्या त्याच्या तयारीवर ठरला.

पुढच्या वर्षी तर परीक्षाच झाली नाही. १४ एप्रिल २०२१ रोजी दहावीची आणि १ जूनला बारावीची परीक्षा रद्द झाली, आणि गुण देण्याचे काम शाळांकडे आले. दहावीसाठी मुख्याध्यापक आणि सात शिक्षकांची समिती नेमायची होती. त्या सातांपैकी दोघे शेजारच्या शाळांतले. अंतर्गत २० गुण नेहमीचे. उरलेल्या ८० पैकी १० घटक चाचणीचे, ३० सहामाहीचे, ४० पूर्वपरीक्षेचे. मागच्या तीन वर्षांतला शाळेचा सर्वांत चांगला निकाल आधाराला धरायचा आणि विषयाची सरासरी त्याच्या दोन गुण वर किंवा खाली, एवढ्याच पट्ट्यात बसवायची.

अधिकार दिला, पण दोरी आखूड ठेवली. शाळा गुणांची खिरापत वाटतील ही बोर्डाची भीती खोटी नव्हती. पण मागच्या तुकडीवरून या तुकडीची पारख करणे अमिरातीत विशेष अन्यायाचे होते. इथे बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला. बापाची नोकरी गेली की मुलाचा बाक रिकामा होतो आणि त्या बाकावर भलतेच कोणी येऊन बसते. दुबईच्या खासगी शाळांत २०१९-२० मध्ये सुमारे २ लाख ९५ हजार मुले होती, पुढच्या वर्षी ती २ लाख ७९ हजारांवर आली. एवढी गळती झालेल्या गावात तीन वर्षांपूर्वीचा निकाल नेमक्या कोणत्या मुलांबद्दल सांगतो?

शिवाय ज्या चाचण्यांवर हे गुण उभे राहणार, त्या बहुतांशी घरून दिलेल्या. ऑगस्ट २०२० अखेर शाळा उघडल्या तरी घरून शिकण्याची मुभा होतीच. एप्रिल २०२१ च्या अखेरीस भारतातून येणारी प्रवासी वाहतूक थांबली, ती रहिवाशांसाठी ऑगस्टमध्ये सैल झाली. मधल्या काळात पुण्यात अडकलेल्या मुलासाठी दुबईतला साडेसातचा वर्ग नऊला भरायचा.

हे सगळे फीवर चालते, हे विसरून चालणार नाही. दुबईने शाळांची फीवाढ तीन वर्षे गोठवली, तेव्हा निर्जंतुकीकरणाचा आणि दीड मीटर अंतराचा खर्चही त्यातूनच निघायचा होता. कमी फीच्या भारतीय शाळांना याची झळ अधिक बसली असणार, कारण त्यांचे गणित भरलेल्या वर्गांवरच बसते.

२०१९ मध्ये सीबीएसईच्या बारावीत ८३.४० टक्के मुले उत्तीर्ण झाली होती. २०२१ मध्ये ९९.३७ टक्के. हा आकडा पाहून शाळांना हसणे सोपे आहे. पण वर्षभर मुलाला पाहणाऱ्या शिक्षकाचा शब्द आपण मोजायला कधी शिकलोच नव्हतो, म्हणून ऐनवेळी तो मोजता आला नाही. ते शिकण्याची सोय पुढेही झाली नाही. २०२२ ला दोन सत्रांचा प्रयोग करून २०२३ मध्ये बोर्ड पुन्हा एकाच वार्षिक परीक्षेवर आले, आणि दहावीच्या शिक्षकांच्या हाती पूर्वीचेच २० गुण उरले.