पापाचे वाटेकरी

लोणंदच्या मुक्कामी कीर्तन आटोपले, पंगती उठल्या. आमच्या दिंडीतली पन्नाशीची एक माउली पाया पडून बाजूला बसली. हळूच म्हणाली, "महाराज, दोन पोरींनंतर दोनदा तपासलं, दोन्ही खेपेला पाडलं. मला कुणी इचारलं न्हाई. ह्या पापाला काही प्रायश्चित्त?"

मी म्हणालो, "नाम घ्या, माउली." ती निमूट उठून गेली. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. उत्तर खोटे नव्हते. पण सगळे पाप तिच्या पदरात टाकून मी मोकळा झालो होतो.

गर्भपाताविषयी दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, गर्भात जीव आहे, तो मारणे ही हत्याच. दुसरे म्हणते, देह बाईचा, वेणा बाईच्या, मग निर्णयही तिचाच. जीवमात्रात विठ्ठल पाहणाऱ्या वारकऱ्याला पहिले मत सोडवत नाही. पण दुसऱ्याकडे पाठही फिरवता येत नाही. त्या बाईतही विठ्ठलच आहे.

पूर्वी आईचा जीव वाचवण्याखेरीज गर्भपात हा गुन्हाच होता. चोरून, अडाणी हातांनी केलेल्या उपायांत बायका दगावत. 1971 च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी डॉक्टरांकडून गर्भपाताला मुभा दिली. 2021 च्या दुरुस्तीने बलात्कारपीडित, अल्पवयीन अशा काही जणींसाठी मुदत 24 आठवड्यांपर्यंत वाढवली. मात्र गर्भाचे लिंग तपासून मुलगी नाकारणे कायद्याला मान्य नाही. अशा तपासणीवर बंधन घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 मध्येच केला. तरीही 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे राज्यात 894 मुली होत्या. बीड जिल्ह्यात 807.

कुणी विचारील, निर्णय बाईचा म्हणता, मग तिनेच मुलगी नको म्हटले तर? प्रश्न खरा आहे. पण 'मुलगी नको' हा निवाडा एका गर्भापुरता नसतो. तो बाईच्या जन्मावरच असतो, म्हणजे त्या आईवरही असतो. तिच्या तोंडून बहुधा घर बोलते, भावकी बोलते.

1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांना त्यांनी पापाचा जाब विचारला नाही. बाळंत व्हायला सुरक्षित जागा दिली. तिथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतले. गर्भ वाचवायचा तर आधी आईला उभे राहायला जागा द्यावी लागते, हे त्यांनी करून दाखवले. ज्याने जागा दिली नाही, त्याने निवाडा देऊ नये.

मुक्ताबाई-जनाबाईंची नावे कीर्तनात घेणारे आपण, घरी सुनेला 'मुलगा कधी?' विचारतो. लग्नमांडवात 'पुत्रवती भव' मीही म्हणत आलो. अडलेल्या लेकीला दार लावतो आणि तिने कायद्याच्या वाटेने सुटका करून घेतली की पापी ठरवतो. हे थांबवले तर कितीतरी गर्भ आपोआप वाचतील. उरतील ते प्रसंग खरोखरच कठीण असतील. तिथे त्या माउलीजवळ बसावे, तिचे ऐकावे.

पुढच्या वारीत वाखरीला ती भेटली. मी म्हणालो, "माउली, ते पाप तुमच्या एकटीचं नाही. त्याचे वाटेकरी आम्ही सगळे." ती काही बोलली नाही. पदराने डोळे पुसले, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतले आणि चालू लागली.

रामकृष्णहरी.