दयेचें मोल कोणीं द्यावें?

ज्या दयेचा सारा खर्च दुसऱ्याच्या पदरांतून होतो, तिला दया म्हणावें काय? नामशेष होऊं पाहणाऱ्या प्राण्यांच्या रक्षणाचा विचार करतांना हा प्रश्न आम्हांस टाळतां येत नाहीं.

युगांडाच्या नैर्ऋत्येस ब्विंडी नांवाचें डोंगराळ अरण्य आहे. जगांतील पहाडी गोरिलांपैकीं जवळजवळ निम्मे तेथें राहतात. १९९१ सालीं हें अरण्य राष्ट्रीय उद्यान ठरलें, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या आश्रयानें जगलेले बट्वा लोक त्यास मुकले. भोंवतालच्या शेतकऱ्यांनाहि लांकूड, मध व औषधी मुळ्या आणणें एका आज्ञेनें गुन्हा होऊन बसलें. गोरिला वांचावा ही इच्छा साऱ्या जगाची. किंमत मात्र ज्यांच्यापाशीं सर्वांत कमी होतें त्यांनीं दिली.

यावर कोणी म्हणेल कीं, माणसें अफाट आणि गोरिला मूठभर. तेव्हां थोडें काठिण्य क्षम्यच होय. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं. तो न्यायास सोडून आहे एवढेंच नव्हे, तर व्यवहारांतहि टिकत नाहीं. १९९६ सालीं ब्विंडींतील गोरिलांस खरजेची बाधा होऊन एक पिलूं दगावलें. ती बाधा आसपासच्या गरीब वस्तींतून आली असावी, असें तपासाअंतीं दिसलें. त्या वेळीं उपचार करणाऱ्या पशुवैद्य डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनीं पुढें २००३ सालीं संस्था काढून गांवकऱ्यांचें आणि गोरिलांचें आरोग्य हें एकच कार्य मानलें. अरण्याकांठच्या पोराची खरूज बरी झाल्यावांचून अरण्यांतलें पिलूं सुरक्षित नाहीं, इतकी ही गोष्ट सरळ आहे.

हळूहळू धोरणहि मवाळ झालें. ठराविक भागांत मधपेट्या ठेवण्यास व औषधी वनस्पती वेंचण्यास मुभा मिळाली. प्रवेशशुल्काचा वांटा गांवांकडे वळला. शेतांत शिरलेल्या गोरिलांस इजा न करतां माघारीं फिरविणारीं गांवकऱ्यांचीं पथकें उभीं राहिलीं. पहाडी गोरिलांची संख्या हजारावर गेल्याचें २०१८ सालीं जाहीर झालें. या यशांत बंदुकधारी पहारेकऱ्याइतकाच शेजाऱ्याचा वांटा आहे, असें आम्ही समजतों.

तथापि हिशेब पुरा झालेला नाहीं. बट्वांना पुरेशी भरपाई मिळालीच नाहीं, हें युगांडाच्या घटना-न्यायालयानें २०२१ सालीं मान्य केलें. ज्यांनीं शतकानुशतकें त्या अरण्यांत राहून तें उजाड केलें नाहीं, त्यांनीं आज प्रवाशांपुढें आपलें जुनें जीवन नाटकासारखें करून दाखवावें, हा कांहीं त्या ऋणाचा परतावा नव्हे. गोरिलांवरील दया खरी ठरावयाची असेल, तर तिची पहिली परीक्षा बट्वांच्या झोंपडींत व्हावयास हवी.