कारण माहीत नसलेला आवाज

माझ्या मामांकडे आठ वर्षं एक डिझेल पिकअप होती. जुन्नर तालुक्यातला टोमॅटो, कांदा, कधी कोथिंबीर नारायणगावच्या बाजारात न्यायची, नाहीतर माळशेज घाट उतरून कल्याणला, हे तिचं काम. शेवटच्या दीड वर्षात तिच्या इंजिनातून टिकटिक यायला लागली. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की स्पष्ट, दहा-पंधरा किलोमीटर चाललं की मंद, पण पूर्ण कधीच जात नसे. ओढ कमी नाही, धूर नाही, ॲव्हरेज तेवढंच. तीन गॅरेजं झाली, कारण सापडलं नाही.

ही टिकटिक दुरुस्त कशी झाली ते मी सांगणार नाही, कारण ती दुरुस्त झालीच नाही. मला छळणारा प्रश्न निराळा आहे. काहीतरी बिघडलं असावं असं दिसतंय, पण काय ते कळत नाही, अशा वेळी आपण दुसऱ्याचं काय देणं लागतो? बिघाड माहीत असून लपवणं वाईट, हे कोणालाही कळतं. बिघाड आहे की नाही हेच माहीत नसेल तर?

आधी आम्ही काय शोधलं ते सांगतो, कारण ‘माहीत नाही’ हे दोन शब्द फार स्वस्त आहेत. न शोधताही ते म्हणता येतात.

डिझेल इंजिन मुळातच थोडं टकटक करतं. इंजेक्टर उघडतात-मिटतात त्याचाही आवाज असतो. त्यामुळे पहिला प्रश्न हा की नेहमीच्या आवाजात नवीन काय? फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. गाडी उभ्या उभ्या 800 आरपीएमवर चालत असेल तर क्रँक सेकंदाला तेराएक वेळा फिरतो आणि कॅम साडेसहा-सात वेळा. मी फोनवर आवाज रेकॉर्ड केला, लॅपटॉपवर संथ करून मोजला. दहा सेकंदांत 66 टिक. म्हणजे जे काही होत होतं ते कॅमच्या वेगाने, सिलिंडरच्या दर चक्राला एकदा.

मला वाटलं, अर्धं कोडं सुटलं. मिस्त्री म्हणाले, “भाऊ, टॅपेट तेवढ्याच वेळा वाजणार, इंजेक्टर तेवढ्याच वेळा, आणि एका सिलिंडरचा एक्झॉस्ट लीक असला तरी तेवढ्याच वेळा. मग कळलं काय?” त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून जागा शोधली. फिलर गेजने टॅपेट सेट केले. आवाज तसाच. दुसऱ्या गॅरेजवाल्याने मॅनिफोल्डचं गॅसकेट पाहिलं. लीक असेल तर तिथे काजळी धरते आणि धातू तापून फुगला की आवाज कमी होतो, म्हणून त्याचा संशय रास्त होता. काजळी नव्हती. इंजेक्टर काढून तपासले, ठीक निघाले. ऑइलचं प्रेशर बरोबर. तिसरा म्हणाला, “हेड खोलल्याशिवाय कळणार नाही. आणि खोलून काही निघालं नाही तरी खर्च तुमचाच.”

माझ्या कामात हे रोजचं आहे. शंभर वेळा चालवलेली टेस्ट एकदा नापास होते, पुन्हा चालवली की पास. टिकेटवर ‘पुन्हा घडवून दाखवता आलं नाही’ असा शेरा मारून ते बंद करतात. तो शेरा खोटा नसतो. फक्त महिन्याभरात त्याचा अर्थ बदलतो. ‘कारण सापडलं नाही’ याचं ‘तसं काही नाही’ कधी झालं, हे कोणालाच आठवत नाही.

हा बदल किती महाग पडू शकतो याचं एक उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया यान पृथ्वीवर परतताना तुटलं आणि कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. फोम सुटणं नवीन नव्हतं. आधीच्या उड्डाणांतही तुकडे पडायचे, यान सुखरूप परतायचं, आणि दर सुखरूप परतीबरोबर फोमची भीती थोडी कमी व्हायची. शेवटी तो धोका राहिला नाही, देखभालीची बाब झाली. समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी 1986 च्या चॅलेंजर अपघातावर 1996 मध्ये लिहिलेल्या पुस्तकात हीच प्रक्रिया उलगडून दाखवली होती. कोणी नियम मोडायचा म्हणून मोडत नाही. जे चुकीचं आहे ते काही घडलं नाही म्हणून अंगवळणी पडतं, आणि अंगवळणी पडलेलं बरोबर वाटू लागतं.

पण मामांचं म्हणणंही ऐकायला हवं. टोमॅटो तोडून क्रेटमध्ये भरलेला आहे, उद्या भाव पडेल. अशा वेळी ‘कारण कळेपर्यंत गाडी हलवू नका’ हा सल्ला पगारदार माणसालाच सुचतो.

हा वाद तत्त्वज्ञानात जुना आहे. विल्यम क्लिफर्ड हा इंग्लंडमधला गणितज्ञ. त्याने 1877 मध्ये ‘विश्वासाची नीती’ या विषयावर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, शंका येते आहे, पण इतक्या सफरी झाल्या तशी हीही होईल असं तो मनाला पटवतो आणि परदेशी निघालेल्या कुटुंबांना त्यावर बसवतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे. त्याचा विश्वास प्रामाणिक असला तरी, कारण तो विश्वास त्याने शंका गाडून मिळवला होता. पुढचा मुद्दा त्याहून कडक आहे. जहाज बुडालं नसतं तरी तो तेवढाच दोषी. फक्त पकडला गेला नसता.

1896 मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने क्लिफर्डला उत्तर दिलं. त्याचा रोख मुख्यतः धर्मश्रद्धेवर होता, पण त्यातली एक गोष्ट टोमॅटोलाही लागू पडते. काही निर्णय पुराव्यासाठी थांबत नाहीत, आणि न ठरवणं हाही एक निर्णयच असतो.

मला दोघंही पटतात, आणि मामांनी जे केलं त्यात दोघंही मावतात. गाडी त्यांनी चालू ठेवली. पण काही गोष्टी आधीच ठरवल्या. टिकटिक जड होऊन ‘ठकठक’ झाली, चढाला लोडवर वाढायला लागली, तर गाडी तिथेच उभी करायची, कारण तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज असू शकतो. ऑइलचा दिवा लागला तर इंजिन लगेच बंद. दर रविवारी सकाळी थंड इंजिनाचा आवाज मी दिलेल्या जुन्या फोनवर रेकॉर्ड करायचा आणि ऑइलची पातळी वहीत लिहायची. आणि घाटातून जाताना मागे मजूर बसवायचे नाहीत. तसे ते कधीच बसवायचे नसतात, पण आपल्याकडे बसवतात. उतारावर इंजिन अचानक बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकला मिळणारी मदत संपत जाते. “मला आवाज ऐकू येतो अन् मी बसतो. त्यांना कुठं ऐकू येतो?” असं मामा म्हणाले. जहाजमालकाला एवढं सुचलं असतं तर क्लिफर्डला निबंध लिहावा लागला नसता.

इथवर सोपं होतं, कारण जोखीम मामांची स्वतःची होती. खरी परीक्षा आली ती गाडी विकायला काढल्यावर.

गिऱ्हाईक शेजारच्या गावचा पोरगा, चोवीस वर्षांचा. पतसंस्थेचं कर्ज काढून पहिली गाडी घेणार होता. मधल्या एजंटने मामांना दोन गोष्टी सुचवल्या. जाड ऑइल टाका, आवाज बसतो. आणि तो बघायला येण्याआधी अर्धा तास गाडी फिरवून आणा. आवाज थंड इंजिनाला जास्त येतो हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. धंद्यातलं साधं ज्ञान आहे.

मामांचा युक्तिवाद असा: “मी खोटं कुठं बोलतोय? तीन मिस्त्र्यांना सापडलं नाही. मग मी त्याला सांगू तरी काय? टिकटिक म्हटलं की तो इंजिन गेलं समजणार. उगीच पन्नास हजार पाडून मागणार.” याला चटकन उत्तर देता येत नाही. अर्धवट माहितीही दिशाभूल करते. मामांच्या घरात त्या पैशांचं काम होतं, मुलीची फी भरायची होती. आणि दोष असल्याचं सिद्ध झालेलं नव्हतं.

कायदा काय म्हणतो ते मी पाहिलं. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 17 फसवणुकीचं आहे. नुसतं गप्प बसणं ही सहसा फसवणूक नाही, पण ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही आहे. सोबत घोड्याची उदाहरणं दिली आहेत. एक माणूस लिलावात दुसऱ्याला घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला माहीत आहे, तो काही बोलत नाही. ही फसवणूक नाही. लगेच पुढचं उदाहरण: घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र सांगणं त्याचं कर्तव्य आहे.

दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात हे दोन घोडे शेजारी बांधलेले बघून मी बराच वेळ थांबलो. घोडा तोच, खोड तीच. बदललं फक्त नातं. परक्याला सांगायची सक्ती नाही, मुलीला आहे. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण मुलीला सांगायला हवं हे मान्य केलं, की ‘सांगण्यासारखं काही नाही’ हे म्हणणं संपतं. सांगण्यासारखं काहीतरी होतंच. ते कोणाला सांगायचं, एवढाच प्रश्न होता.

मामांना मी घोड्याची गोष्ट सांगितली. मग विचारलं, “ताई ही गाडी घेऊन रोज माळशेज उतरणार असती, तर तिला काय सांगितलं असतं?” ते म्हणाले, “तिला गाडी घेऊच दिली नसती.” थोड्या वेळाने म्हणाले, “घेतलीच असती तर सगळं सांगितलं असतं.”

इथे माझं उत्तर सापडलं, आणि ते मी समजत होतो त्याहून लहान होतं. कारण माहीत नसणं आणि आवाज माहीत नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मामांना कारण माहीत नव्हतं, म्हणून कारण सांगायची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती. आवाज मात्र दीड वर्ष माहीत होता. तो कधी येतो, कधी कमी होतो, कोणी काय तपासलं, काय नाही निघालं, हे सगळं माहीत होतं. ‘मला माहीत नाही’ या वाक्याआड ही सगळी माहिती लपते. आणि जाड ऑइल टाकण्यात अज्ञान नाहीच. ज्याला काहीच माहीत नाही त्याला काय झाकायचं हेही माहीत नसतं.

पोरगा आला त्या सकाळी गाडी सुरू केलेली नव्हती. मामांनी किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, “तूच लाव.” टिकटिक आली. मामांनी वही दाखवली, रेकॉर्डिंगं ऐकवली, तिन्ही गॅरेजचे नंबर दिले. आपला मिस्त्री आण म्हणाले. त्याने आणला. त्यालाही कारण सापडलं नाही. भाव तीस हजारांनी उतरला. मामा त्याबद्दल आठवडाभर कुरकुरत होते, आणि मला ती कुरकुर रास्त वाटते. प्रामाणिकपणा फुकट मिळतो असं सांगणाऱ्याने बहुधा तो कधी विकत घेतलेला नसतो.

पण त्या तीस हजारांचं काय झालं ते बघा. ते एका अनिश्चिततेची किंमत होते. आधी ती मामांच्या डोक्यावर होती, आता पोराच्या डोक्यावर गेली, आणि पैसे तिच्याबरोबर गेले. आवाज झाकला असता तर जोखीम तेवढीच गेली असती, फक्त पैसे आणि माहिती मागे राहिली असती.

ती पिकअप अजून चालते, टिकटिकीसकट. यावरून मामांनी उगीच सांगितलं असं म्हणता येत नाही, आणि उद्या इंजिन बसलं तर बरं झालं सांगितलं असंही नाही. क्लिफर्डचा कडक मुद्दा दोन्ही बाजूंनी लागू होतो. ज्या सकाळी किल्ली दिली त्या सकाळी काय माहीत होतं, हिशेब तेवढ्याचाच.

आपल्यापैकी बहुतेकजण पिकअप विकणार नाहीत. पण मधूनच आपोआप बंद पडणारा फोन ऑनलाइन विकायला टाकतो, पावसाळ्यात ओल येणारी खोली पुढच्या भाडेकरूच्या हवाली करतो, नोकरी सोडताना कोणालाच न कळलेला कोड नवीन माणसाला देऊन जातो. कारण कळलेलं नसतं, ते आपल्याकडे कोणी मागतही नाही. आपल्याला ऐकू आलेलं तेवढं सांगायचं असतं. आणि घेणाऱ्याला इंजिन थंड असताना बोलवायचं असतं.