अंगण वाकडं नाहीच

बस. लॅपटॉप नंतर उघड, आधी कान उघडे ठेव.

काल तुझे बाबा सीताबर्डीवर भेटले. बिचारे अवघडून विचारत होते, "सर, पोरगा म्हणते का त्याच्या चित्रं काढायच्या टॅबला स्क्रीन नाही म्हणून जमत नाही. स्क्रीनवाला टॅब किस्तीवर भेटते म्हणते. घेऊन देऊ का?" मी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, अजिबात नाही. का नाही, ते तुला ऐकवायला बोलावलंय. मध्ये बोलायचं नाही. "पण सर" तर बिलकुल म्हणायचं नाही.

दिवाळीत हट्ट करून हा टॅब्लेट तूच घेतलास ना? तेव्हा म्हणे, "सर, आता बघा कशी चित्रं काढतो." बघतो आहे. काय करून राहिला तू इतके दिवस, ते तुझ्या फोल्डरमध्ये दिसलं. अर्धवट सोडलेल्या फायली आणि त्यांत जांभळ्या केसांच्या त्याच त्या पोरी. सगळ्यांचे हात पाठीमागे, नाहीतर खिशात. काहून? बोटं काढता येत नाहीत म्हणून. त्यातही स्क्रीनचाच दोष का?

दीक्षाभूमीचा स्तूप काढून आणलास. घुमट दबलेला, बसका, आडवा पसरलेला. तू म्हणालास, "सर, मी गोलच काढला होता, टॅब्लेटनं वाकडा केला." मला सांग, टॅब्लेट का म्हणून वाकडा करेल? कधी मोजलास तो? मी पट्टी लावून मोजला. काम करायची जागा 152 मिलिमीटर रुंद आणि 95 उंच, म्हणजे 16 ला 10. तुझ्या लॅपटॉपचा पडदा 16 ला 9. तू ड्रायव्हर टाकलास, 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' केलंस आणि मोकळा झालास. आता ती 16 ला 10 ची पाटी पूर्णच्या पूर्ण 16 ला 9 वर ताणली जाते. हातानं अगदी नेटका गोल काढलास तरी पडद्यावर तो सुमारे 11 टक्के आडवा होणार. हे गणित आठवीतल्या पोराला येतं. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये 'फोर्स प्रपोर्शन्स' नावाची एक चौकट असते. तिथे एक टिक करायची. खालची साडेनऊ मिलिमीटरची पट्टी वाया जाईल, जाऊ दे. घुमट तरी गोल येईल. ही एक टिक करायची सोडून तू बापाला किस्त भरायला लावत होतास.

आणि टॅब्लेट ठेवतोस कसा? परवा पाहिलं मी. लॅपटॉप समोर, टॅब्लेट उजवीकडे कोपऱ्यात, तोही तिरपा. तू सरळ आडवी रेघ ओढणार, पडद्यावर ती चढावर जाणार, मग तू चिडणार. टॅब्लेट पडद्याच्या बरोबर समोर हवा, त्याची कड पडद्याच्या कडेला समांतर हवी. कीबोर्ड सरकव बाजूला. टेबलावर जागा नाही म्हणतोस? चार्जर, हेडफोन, कुरकुऱ्याचं पाकीट, सगळ्यांना जागा आहे, चित्राला नाही.

आता मुख्य तक्रारीकडे येऊ. "सर, हात इथे आणि चित्र तिथे. बघू कुठे?" चित्राकडे बघ! आणखी कुठे बघणार? तुझी ताई टायपिंगच्या परीक्षेला बसली तेव्हा बोटांकडे बघत होती का? नजर समोरच्या मजकुरावर, बोटं आपली खाली चालताहेत. इन्स्टिट्यूटवाल्या बाईंनी सुरुवातीला तिचा जीव खाल्ला, पुढे बोटांना वाट कळली. तुलाही हे येतं. माऊस तू पाचवीपासून फिरवतोस, कधी माऊसकडे बघून बाण हलवलास का? मग पेन हातात आल्याबरोबर नजर खाली कशी जाते? पेन म्हटलं की कागद आठवतो, एवढंच. ही सवय आहे, आणि सवय मोडायला रियाज लागतो. तो तू केला नाहीस.

त्या पेनला बॅटरी नाही, हे तरी तुझ्या लक्षात आलंय का? पाटीखालच्या तारांच्या जाळ्यातून विद्युतचुंबकीय लहरी निघतात, पेनमधली गुंडाळी त्यावरच जागी होते आणि आपण कुठे आहोत ते पाटीला कळवते. म्हणून पेन पाटीपासून थोडं वर, अधांतरी असलं तरी पडद्यावर कर्सर हलतो. ही सोय तुझ्यासाठीच आहे, बाबा. रेघ सुरू करण्याआधी पेन वरच्या वर फिरव, कर्सर हव्या त्या जागी आला की मगच टेकव. तू काय करतोस? पेन दाणकन आपटतोस आणि मग "चुकीच्या जागी आलं" म्हणून ओरडतोस. पेनला दाबाच्या 2048 पातळ्या कळतात. तुझ्या हाताला दोनच कळतात, आपटणं आणि उचलणं. निब बघितलीस का स्वतःची? एका बाजूनं घासून धार आली आहे तिला. आता ती पाटीवर ओरखडे काढतेय. डब्यात जास्तीच्या निबा आल्या होत्या, त्या कुठे गेल्या, हे मी विचारत नाही. दाब कमी पडतो असं वाटलं तर सॉफ्टवेअरमध्ये दाबाचा कर्व्ह बदलता येतो. मनगटानं कुस्ती खेळायची गरज नाही.

आणि हो, पेन एका जागी दाबून धरलं की गोल भोवरा फिरतो, रेघ उशिरा उमटते, म्हणून तू टॅब्लेट खराब ठरवलास ना? तो विंडोजचा 'प्रेस अँड होल्ड' आहे. उजव्या क्लिकसाठी असतो. बंद कर. सेटिंग उघडून वाचायचा कंटाळा, आणि सामान नादुरुस्त!

तुला वाटतं स्क्रीनवर थेट काढणं हाच डिजिटल चित्रकलेचा खरा रस्ता आणि हा बिनपडद्याचा म्हणजे गरिबाचा तोडगा. इतिहास उलटा आहे. अमेरिकेत रँड कॉर्पोरेशननं 1964 मध्ये जो टॅब्लेट दाखवला तो 10 इंच बाय 10 इंचाची कोरी पाटी होता, चित्र दुसरीकडे उमटायचं. जपानची वॅकॉम 1983 ची. पडद्यावरच काढायचा त्यांचा सिंटिक 2001 मध्ये आला, अॅपलची पेन्सिल 2015 मध्ये. तोपर्यंत जगभरात मासिकांची, खेळांची, जाहिरातींची चित्रं रंगवणाऱ्या कितीतरी लोकांनी अशाच मुक्या पाटीवर पोट भरलं. आजही भरतात. कारण एक साधा फायदा आहे: मान सरळ राहते. पडद्यावर ओणवं होऊन तासन्‌तास काम करणाऱ्यांची मान आणि पाठ काय म्हणते, ते त्यांनाच विचार. शिवाय स्वतःचाच हात चित्रावर आडवा येत नाही, आख्खं चित्र कायम डोळ्यासमोर असतं.

पडद्यावाला वाईट असं मी म्हणत नाही. ज्याला रोज आठ तास शाईची रेघ ओढून पैसे कमवायचे आहेत त्यानं जरूर घ्यावा. तुझ्या या छोट्या पाटीचीही एक खरी अडचण आहे, तीही सांगतो, म्हणजे सर एकतर्फी बोलतात असं तुला वाटायला नको. पाटी 15 सेंटिमीटर रुंद, तुझा पडदा साधारण 34. म्हणजे हाताची रेघ पडद्यावर सव्वादोन पट होते, आणि हाताचं थरथरणंही सव्वादोन पट. यावर उपाय आहे. लांब रेघ ओढायची तर झूम आउट करून चित्र थोडं लहान कर आणि कोपरापासून एका दमात ओढ. बारीक काम असेल तेव्हा जवळ आण. तू नेमकं उलटं करतोस. 400 टक्के झूम करून पापणीचे केस मोजत बसतोस, आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर गेलाय हे तुला शेवटी कळतं. क्रिटामध्ये 'एम' दाब, चित्र आरशात उलटतं. चेहरा कुठे घसरलाय ते तत्क्षणी दिसेल. फुकटचं सॉफ्टवेअर आहे म्हणून त्याला कमी लेखू नकोस. त्यात काय काय आहे यातलं दहा टक्केही तू पाहिलेलं नाहीस.

पाहिलंस ते फक्त स्टॅबिलायझर. तो शेवटपर्यंत ताणून ठेवलास. रेघ गुळगुळीत येते, मान्य. पण ती तुझी रेघ नाही. मनगट कुठे वळलं, कुठे अडखळलं, कुठे जोर आला, सगळं पुसून जातं. शिकत असताना तो बंद ठेवायचा. रेघ वाकडी येऊ दे. कुठे वाकडी येते ते कळल्याशिवाय सरळ कशी होईल? आणि ते कंट्रोल-झेड! तुझ्या मागे उभा राहून मी पाहत होतो. रेघ, मागे. रेघ, मागे. रेघ, मागे. शेवटी कागद कोराच. सावंतवाडीच्या हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' पाहिलंस कधी? दिव्यावर हात धरलेली बाई, बोटांमधून झिरपणारा उजेड. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. लोक तेलरंग समजतात, आहे जलरंग. ओल्या कागदावर रंग एकदा बसला की बसला, कुठलं कंट्रोल-झेड आणि कुठलं काय! रंग टेकवण्याआधी तो माणूस किती वेळ नुसता बघत असेल, याचा विचार कर.

तेच सांगतोय मी तुला. तू बघत नाहीस. खरं दुखणं हेच आहे, टॅब्लेट निमित्त आहे.

निकोलाइडीस नावाचे एक अमेरिकन शिक्षक होते. त्यांचं पुस्तक 1941 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापलं गेलं. त्यातला पहिलाच धडा असा की कागदाकडे बघायचंच नाही. नजर समोरच्या माणसाच्या कडेवरून मुंगीच्या चालीनं सरकवायची आणि पेन्सिल तिच्या मागोमाग चालवायची. चित्र वेडंवाकडं येतं, येऊ दे. पण डोळा पकडीत येतो. कला शिकणारी पोरं हा अभ्यास मुद्दाम करतात. तुझी नजर हातावरून उठवायला तुझा टॅब्लेट तुला रोज भाग पाडतोय, आणि तू त्याच्याच नावानं बोंब मारतोस!

चितार ओळीत जा. पोळा झाला की त्या महाल भागात पाय ठेवायला जागा नसते, तिकडे गणपतींच्या डोळ्यांची आखणी चाललेली असते. कारागिराकडे नीट बघ. ब्रश धरलेल्या बोटांकडे त्याचं लक्ष नसतं, ते मूर्तीच्या चेहऱ्यावर असतं. दोन्ही डोळे एकमेकांशी जुळले पाहिजेत आणि समोर उभ्या भक्ताशीही. खोडायची सोय नाही, मागे गिऱ्हाईक उभं. त्या माणसाला तुझं 'मला स्क्रीन नाही' सांगून बघ, काय उत्तर देतो.

तुला इंटरमिजिएटला ए ग्रेड होती, माहीत आहे मला. दहावीला त्याचे 7 गुण घेतलेस आणि वही माळ्यावर टाकलीस. स्थिरचित्रात तांब्याचा कंगोरा बरोबर लंबवर्तुळाकार काढणारा पोरगा आता कप काढताना लंबवर्तुळ टूल शोधतो. स्मरणचित्रालाही बरे गुण होते म्हणे. मग सांग, झिरो माइलच्या घोड्यांचे पाय कसे आहेत? रोज तिथून येतोस-जातोस. चार घोडे आहेत एवढं सांगशील. कुठला पाय उचललेला आहे, मान कुठे वळलीय? नाही सांगता येत ना? त्याला कुठलाही टॅब्लेट काय करणार? तीस हजारांच्या पडद्यावरही तुला न दिसलेला घोडा दिसणार नाही.

उन्हाचं कारण आधीच निकालात काढतो, म्हणजे एप्रिल आला की ते घेऊन येऊ नकोस. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तळहाताला घाम येतो, कूलरच्या दमट हवेत हात पाटीला चिकटतो, रेघ अडते. खरं आहे. जुना सुती मोजा घे, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झाकेल एवढा काप, चढव हातावर. दुकानात असाच हातमोजा शे-दोनशेला मिळतो. घेऊ नकोस.

आता ऐक. आजपासून महिनाभर रंग नाही, लेअर नाही, जांभळे केस तर नाहीतच. काळा ब्रश एक, स्टॅबिलायझर बंद, मागे जायचं बटण बंद. रोज अर्धा तास टॅब्लेटवर फक्त रेघा, गोल आणि दोन ठिपके जोडणं, नजर पडद्यावर ठेवून. त्याआधी अर्धा तास वहीवर, बघून. घरातली माणसं, मेट्रोतली माणसं, बाबांचे हात, काहीही, पण बघून. बोटं पाठीमागे लपवलेलं एकही चित्र मला दाखवायचं नाही. फायली रोजच्या रोज तारीख टाकून ठेवायच्या. खराब म्हणून एखादी पुसून टाकलेली मला चालणार नाही, सगळ्या बघणार आहे.

रविवारी सकाळी सात वाजता महाराजबागेच्या फाटकाशी ये. टॅब्लेट घरी ठेव. पेन्सिल दोन आण, खोडरबर आणू नकोस. जनावरं तुझ्यासाठी एका जागी थांबणार नाहीत, तेव्हा उशीर करू नकोस. सव्वासातला मी आत गेलेला असेन.